भाव आपल्या हातात नाही, मग हातात काय आहे?

कापसाचा भाव चोपड्यात ठरत नाही. केळीचाही नाही. पाऊस केव्हा येणार, गारपीट कुठल्या शिवारात होणार, आयात शुल्काचा कागद दिल्लीतून कधी निघणार, वीज किती तास राहणार, यातलं काहीच आपल्या तालुक्यातल्या कुणा शेठच्या, मुकादमाच्या किंवा उस्तादच्या हातात नाही. तरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरी मागायला माणूस दिल्लीला जात नाही. तो जिनिंगच्या मालकाकडे येतो, केळी कापणाऱ्या टोळीच्या मुकादमाकडे येतो, गॅरेजच्या उस्तादकडे येतो. ज्या गोष्टीवर आपला जोर चालत नाही, तिचा हिशोब मात्र आपल्यालाच द्यावा लागतो. अडचण इथून सुरू होते.

आपल्या समाजातली बरीच मंडळी नोकरीपेक्षा छोट्या धंद्यात आहेत. धंदा छोटा असला तरी हाताखाली दोन-चार, कुठे दहा-वीस माणसं असतात. म्हणजे ‘लीडरशिप’ हा शब्द कुणी वापरो न वापरो, ते काम रोज चाललेलंच असतं. या विषयावरची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या साहेबांसाठी असतात. ती बघून फळाच्या वखारवाल्याला किंवा बेकरीवाल्याला काय हाती लागतं, ते त्यालाच ठाऊक. म्हणून आपण जवळचीच उदाहरणं घेऊ. त्यातलं सगळ्यात मोठं तर तापी ओलांडली की अमळनेरलाच आहे. त्याआधी कापूस, कारण ती जखम अजून ताजी आहे.

मे २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला, म्हणजे ३५६ किलोला, एक लाख रुपयांच्या वर गेला होता. असा भाव कुणी पाहिलेला नव्हता. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर तोच आकडा होता. खान्देशात घरोघरी कापूस साठवून ठेवला गेला. झोपायच्या खोलीत कापूस, ओट्यावर कापूस, आणि जिनिंगच्या आवारात मात्र गाड्यांची वाट बघणारे मजूर. शेतकऱ्याचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. आदल्या वर्षी ज्याने घाईने विकला तो हात चोळत बसला होता. पण भाव पुन्हा तिकडे गेलाच नाही, उलट उतरत गेला. कापूस घरात पिवळा पडला आणि जिनिंग अर्ध्या ताकदीवर चालल्या.

वर सरकारचं धोरण. फेब्रुवारी २०२१ च्या बजेटात आयात कापसावर सगळं मिळून ११ टक्के शुल्क आलं. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठवलं, मग परत लागू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. ज्याने आदल्या आठवड्यात चढ्या भावाने कापूस भरला, त्याने काय करायचं? त्याला कुणी विचारून शुल्क काढलं नव्हतं.

अशा वेळी मालक माणसाचं वागणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक जण चिडतो. बाजाराचा राग बाजारावर काढता येत नाही, म्हणून तो हमालावर, मापाड्यावर, चहा उशिरा आणणाऱ्या पोरावर निघतो. दुसरा हात वर करतो. ‘अल्लाह की मर्जी’ म्हणतो, फोन बंद करतो, घरी बसतो. पहिल्याला सगळे नावं ठेवतात. दुसऱ्याला कुणी काही म्हणत नाही, उलट तो सबर करतोय असं वाटतं. आमच्या मते नुकसान दुसराही तेवढंच करतो, कारण जे त्याच्या हातात होतं तेही त्याने ‘मर्जी’च्या खात्यात टाकून दिलेलं असतं. तवक्कुलचा हा अर्थ नाही, हे उंट आधी बांधायची शिकवण ज्याने लहानपणी ऐकली त्याला समजावून सांगायला नको.

आता अमळनेर.

मोहम्मद हाशम प्रेमजी हे तांदळाच्या व्यापारातलं मोठं नाव. त्यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदवली आणि कारखाना अमळनेरला चालवला. आजूबाजूला भुईमूग पिकत होता आणि सुरत-भुसावळ रेल्वे दारातून जात होती. शेंगदाण्याच्या तेलापासून ‘सनफ्लॉवर’ नावाचं वनस्पती तूप बनायचं आणि त्याच्या जोडीला ‘७८७’ हा धुण्याचा साबण. जुन्या अमळनेरकरांना ही दोन्ही नावं अजून आठवतील. हीच कंपनी पुढे विप्रो झाली, हे बहुतेकांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते मधल्या वर्षांबद्दल.

ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजींचं अचानक निधन झालं. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. कंपनीच्या सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने उभं राहून सरळ सांगितलं, की हा धंदा एवढ्या कोवळ्या पोराच्या आवाक्यातला नाही, त्याने आपले शेअर विकावेत आणि कारभार अनुभवी माणसांकडे द्यावा. ही गोष्ट पुढे स्वतः अझीम प्रेमजींनीच अनेकदा सांगितली आहे.

जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. काय काय त्याच्या हातात नव्हतं? वडिलांचं जाणं नव्हतं. वय नव्हतं. भुईमूग कोरडवाहू पीक, म्हणजे कच्चा माल पावसावर. पाच-सहा वर्षांतच १९७२ चा दुष्काळ यायचा होता. वनस्पती तुपाच्या भावावर त्या काळात बरीच वर्षं सरकारचं नियंत्रण असायचं, म्हणजे शेंगदाणा महाग झाला म्हणून तूप आपल्या मनाने महाग करता येत नसे. समोर स्पर्धेत हिंदुस्तान लिव्हरचा ‘डालडा’, ज्याचं नाव लोकांच्या तोंडी इतकं बसलं होतं की कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणायचे. एका बाजूने दाण्याचा भाव, दुसऱ्या बाजूने तुपाचा भाव, आणि दोन्ही दुसऱ्यांच्या हातात. आजचा जिनिंगवाला नेमका असाच अडकलेला असतो.

त्या काळाबद्दल जे लिहिलं-सांगितलं गेलंय, त्यात एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ती फाटकावरच्या खरेदीची आहे. शेंगदाणा विकत घेताना जुनी पद्धत अशी होती, की जाणकार खरेदीदार दाणे हातात घेणार, चोळणार, चावून बघणार आणि भाव बोलणार. हा अनुभव खोटा नसतो. पण तो त्या माणसासोबत घरी जातो, त्याच्या ओळखी-नाराजीप्रमाणे बदलतो आणि कागदावर कुठेच राहत नाही. तरुण मालकाने तिथे मोजमाप आणलं. मालात तेल किती आणि ओलावा किती, हे तपासून भाव द्यायचा.

यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. साधा हिशोब करून बघू. शंभर क्विंटल मालात ओलावा पाच टक्क्यांनी जास्त असेल, तर साधारण पाच क्विंटल पाणी आपण शेंगदाण्याच्या भावाने विकत घेतलं. त्यातून तेल तर येणार नाहीच, उलट ओला माल बुरशी धरतो आणि बाजूची पोतीही खराब करतो. बाजारात दाणा महाग की स्वस्त, हे मालकाच्या हाती नव्हतं. पण त्याच भावात पाणी घ्यायचं की दाणा, हे शंभर टक्के त्याच्या हाती होतं. आणि मोजमाप आल्यावर कोरडा, चांगला माल आणणाऱ्या शेतकऱ्यालाही न्याय मिळतो. ज्याची खरेदीदाराशी दोस्ती त्याचा माल चांगला, असं राहत नाही.

कापसालाही हेच लागू आहे. सीसीआय कापूस घेते तेव्हा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल घेत नाही. पण खाजगीत आजही कितीतरी सौदे मुठीत कापूस दाबून होतात. ओलावा बघायचं यंत्र काही विमानाएवढं महाग नाही. रुईचा उतारा एक टक्क्याने वाढला तर क्विंटलमागे एक किलो रुई जास्त निघते. मंदीच्या हंगामात दोन शेजारी जिनिंगपैकी एक तगते आणि एक बसते, ती कित्येकदा या एका किलोवर. दोघांनाही बाजार एकच असतो.

गॅरेजच्या उस्तादला वाटेल की आमच्याकडे कुठला ओलावा! पण त्याच्याकडेही फाटक असतंच. गाडी आत आली तेव्हा काय बिघाड होता, कुठला पार्ट टाकला, कधीचा वायदा दिला, हे वहीत लिहिलेलं असलं तर जळगावहून पार्ट उशिरा येण्यावर त्याचा इलाज नसला, तरी गिऱ्हाइकाला आज फोन करायचा की उद्या, हे त्याला कळतं. पोरगं कुठे चुकलं आणि पार्टच खराब निघाला कुठे, हेही कळतं. नाहीतर प्रत्येक चूक हातोडी धरणाऱ्या पोराच्याच नावावर जाते.

प्रेमजींनी दुसरं काम केलं ते हळूहळू, दहा-पंधरा वर्षांत. एका पिकावर, एका तुपावर सगळं पोट ठेवायचं नाही, असं धोरण धरलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला घेतले. १९७७ नंतर आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. तो निर्णय अमळनेरच्या कंपनीने घेतला नव्हता, तो सरकारचं धोरण आणि एक अमेरिकन कंपनी यांच्यातला वाद होता. पण त्यातून जी जागा रिकामी झाली तिच्याकडे बघायला ही कंपनी तयार होती, आणि ऐंशीच्या दशकात ती कॉम्प्युटर बनवू लागली. १९८५ च्या सुमारास ‘संतूर’ साबण आला. हात न लावता येणारी गोष्ट दर वेळी संकट म्हणूनच येते असं नाही. कधीकधी ती संधी म्हणून येते, आणि तेव्हाही तयारी नसेल तर ती शेजाऱ्याच्या दारात जाते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. प्रेमजींकडे भांडवल होतं, घराण्याचं नाव होतं, मुंबईची पेढी होती. धानोऱ्याच्या किंवा अडावदच्या मुकादमाकडे यातलं काय आहे? त्याने उद्या हायड्रॉलिक सिलिंडर काढावेत असं आम्ही सांगायला लागलो, तर तो आम्हालाच दारातून वाटेला लावेल, आणि बरोबर करेल. अमळनेरमधल्या कितीतरी घरांत विप्रोचे जुने शेअर आहेत, त्यातून लोक करोडपती झाले, ही कहाणी चहाच्या टपरीवर रंगवून सांगितली जाते. ती खरी आहे, पण ऐकणाऱ्याच्या हाती ती स्वप्न सोडून काही देत नाही. फाटकावरचं मोजमाप मात्र कुणालाही घेता येण्यासारखं आहे.

याच खान्देशात उलटं उदाहरणही आहे. आपल्या पिंजारी बिरादरीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. मशीन आली, फोमच्या गाद्या आल्या. त्यावर कुणाचा काय जोर चालणार होता? ज्या घरांत वेळीच एक मुलगा आयटीआयला गेला किंवा सोफ्याच्या कामाकडे वळला, ती घरं सावरली. ज्यांनी पुढच्या लग्नसराईची वाट बघितली, ती बघतच राहिली. यात त्यांचा आळस नव्हता. आपला धंदा उतरतोय हे घरात मोठ्याने बोलायला कुणी तयार नव्हतं, एवढंच.

बोलण्यावरून आठवलं. इस्लामी इतिहासात या विषयावर एक प्रसंग आहे, आणि तो आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात अधूनमधून येतोही, पण कारभाराच्या नजरेने त्याकडे कमी बघितलं जातं. हजरत उमर (रजि.) फौजेच्या भेटीला शामकडे निघाले होते, साधारण इ.स. ६३८-३९ चा काळ. सर्घ नावाच्या ठिकाणी त्यांना खबर मिळाली, की शाममध्ये प्लेगची साथ आहे. पुढे जायचं की मागे फिरायचं? साथीवर कुणाचा ताबा नव्हता. उमर खलिफा होते, एकट्याने हुकूम देऊ शकले असते. त्यांनी आधी मुहाजिरांना बोलावलं. त्यांच्यात दोन मतं पडली. मग अन्सारना बोलावलं, त्यांच्यातही दोन मतं. मग कुरैशमधल्या वयस्कर, अनुभवी मंडळींना बोलावलं, त्यांचं एकमत झालं की लोकांना घेऊन परत फिरावं. तेव्हा कुठे उमर यांनी सकाळी परत निघण्याची घोषणा केली.

हजरत अबू उबैदा (रजि.) यांना हे पटलं नाही. अल्लाहने ठरवलेल्या तकदीरपासून पळायचं का, असा त्यांचा सवाल होता. उमर त्यांच्यावर चिडले नाहीत, त्यांना गप्पही केलं नाही. आपण एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे चाललोय, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं आणि उंट चारणाऱ्याचा दाखला दिला: दरीची एक बाजू हिरवी, एक उजाड, तर उंट कुठल्या बाजूला न्यायचे हे चारणाराच ठरवतो, आणि दोन्ही बाजू असतात अल्लाहच्याच. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी पैगंबर (स.) यांची हदीस सांगितली, की साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि आपण तिथे असू तर पळून बाहेर पडू नये. अबू उबैदा आपल्या लोकांसोबत शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत वारले. दोघांनीही आपापल्या जागेची जबाबदारी निभावली.

या प्रसंगातला मशवऱ्याचा क्रम आम्हाला धंद्यातही कामाचा वाटतो. संकटात मालक बहुधा दोनच माणसांना विचारतो: मेहुण्याला आणि अकाउंटंटला. मशीन चालवणाऱ्याला, तोलणाऱ्याला, गाडी हाकणाऱ्याला विचारत नाही. माल कुठे वाया जातो, हे मात्र त्यांनाच आधी दिसतं. विचारलं म्हणजे त्यांच्या मनासारखं केलंच पाहिजे असं नाही. उमर यांनी सगळ्यांचं कुठे ऐकलं? पण प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायला मिळालं होतं, म्हणून निर्णय कडू असूनही लोक सोबत निघाले.

आता केळीकडे येऊ. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात लीडरचं काम कुठल्या माणसावर येऊन पडतं, हे बघायचं असेल तर कापणीच्या टोळीचा मुकादम बघावा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण रोजच्या व्यवहारात काय असतं? सकाळी नवतीचा भाव वेगळा, पिलबागेचा वेगळा, वापसी तर विचारूच नका, त्यावर ‘फरक’ किती धरायचा हा वाद वेगळा. व्यापारी म्हणतो वरून मागणी नाही. गाडी बऱ्हाणपूरला अडकली. शेतकरी म्हणतो घड पिकायला आला, आजच कापा. मधे मुकादम, आणि त्याच्या मागे दहा-बारा मजूर, त्यातले काही सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्त्यांवरून पहाटे निघून आलेले.

गाडी येणार की नाही, हे मुकादमाच्या हातात नाही. पण टोळीला ते कधी सांगायचं, हे फक्त त्याच्याच हातात आहे. रात्री कळलं की उद्या काम नाही, तर मजूर सकाळी दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जातो, बांधकामावर जातो, निदान घरी भाड्याचे पैसे तरी वाचतात. तेच सकाळी दहा वाजता बांधावर बसवून सांगितलं, तर त्याचा रोज गेला. दोन्हीकडे गाडी आली नाहीच. मजुराच्या घरात मात्र एका दिवसाच्या मजुरीचा फरक पडला.

‘मुकादम चाचा, उद्या गाडी लागंल ना?’

‘पक्कं नाही बेटा. इशाच्या नमाजनंतर फोन करतो. फोन आला नाही तर समज काम नाही, दुसरीकडे जा.’

एवढंच बोलणं असतं. पण कितीतरी मुकादम हे बोलत नाहीत. ‘येईल, येईल’ म्हणत राहतात, कारण टोळी फुटेल याची भीती असते. मजूर दुसरीकडे गेला आणि ऐनवेळी गाडी आली तर? ही भीती खोटी नाही, एखाद्या वेळी तसं होईलही. पण आमचं मत असं आहे, की जो मुकादम चार वेळा खरं सांगतो त्याच्या पाचव्या फोनला टोळी धावत येते. आणि ‘येईल येईल’वाल्याकडे उचल घेतलेले तेवढे अडकून राहतात. उचलीने माणूस बांधून ठेवता येतो, त्याचं मन नाही.

उचलीचा विषय निघालाच आहे तर मार्च २०२० आठवा. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. महिन्याभरात रमजान आला, ज्या महिन्यात फळाचा धंदा वर्षाची कमाई करतो. बाजार बंद, गाड्या बंद. तेव्हा धंदे मोठे-छोटे सगळेच बसले, पण आपल्या माणसांशी वागणं मात्र सारखं नव्हतं. कुणी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं, की पूर्ण पगार जमणार नाही, इतके दिवस राशन भरून देतो, उचल सध्या कापत नाही, पुढचं पुढे बघू. रक्कम मोठी नव्हती, पण माणसाला आपण कुठे उभे आहोत ते कळलं. कुणाकडे मजुरांची यादीच नव्हती. सगळा कारभार मुकादमाच्या डोक्यात, मुकादम गावी गेला आणि शेठला आपल्या मजुरांची पूर्ण नावंही सांगता येईनात. त्या शेठचं मन वाईट होतं असं नाही. मदत करायची तर कुणाला, हेच त्याला माहीत नव्हतं. नाव, गाव, फोन, किती उचल, घरात किती माणसं, अशी एक वही सुगीच्या दिवसांत केलेली असली, तरच ती वाईट दिवसांत उपयोगी येते.

काही गोष्टी मात्र ‘हातात नाही’ म्हणून चुकीच्या खात्यात टाकल्या जातात. जिनिंगमधली आग त्यातली एक. दर हंगामात कुठे ना कुठे गंजीला आग लागल्याची बातमी येते आणि ‘नशीब’ हा शब्द ऐकू येतो. ठिणगी कुठून उडेल ते सांगता येत नाही, हे खरं. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला तरी उडते. पण कापूस साफ करून मशीनला लावायचा की नाही, दोन गंजींमध्ये अंतर ठेवायचं की नाही, पाण्याचा हौद भरलेला आहे का, आवारात बिडी चालते का, वायरिंग शेवटचं कधी बघितलं, विम्याचा हप्ता भरलाय का, हे नशीब नाही. बायका मशीनजवळ काम करतात, त्यांची ओढणी किंवा पदर पट्ट्यात जाणार नाही अशी जाळी लावलीय का, हेही नशीब नाही. इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो, म्हणून यावर आम्ही नरमाईने लिहिणार नाही.

केळीच्या हरण्या रोगाचंही तसंच आहे, ज्याला आता सगळे सीएमव्ही म्हणतात. पावसाळ्यात नव्या बागेत तो मावा किडीमार्फत पसरतो. एकदा झाडाला लागला की त्याला बरं करणारं औषध नाही, झाड उपटून नष्ट करावं लागतं. पाऊस-ढगाळ हवा आपल्या हातात नाही. पण पहिली दहा झाडं दिसताच उपटायची, की ‘बघू दोन दिवस’ म्हणत आठवडा घालवायचा, हे बागेच्या मालकाने ठरवायचं असतं. सालदाराला ती झाडं आधी दिसतात. तो सांगेल का, हे मागच्या वेळी वाईट बातमी आणल्यावर त्याला मालकाकडून काय ऐकावं लागलं, त्यावर आहे. वाईट बातमी आणणाऱ्यावर जिथे ओरडा होतो, तिथे ती उशिराच पोहोचते, आणि तोवर दहाची दोनशे झाडं झालेली असतात. शेजाऱ्याची बागही त्यात जाते.

जाता जाता एक कॅलेंडरची गोष्ट, फळाच्या धंद्यातल्या मंडळींसाठी. रमजानमध्ये केळीची मागणी वाढते, इथलीही आणि आखाती देशांचीही. रमजान कधी येणार हे कुणाच्या हातात नाही, पण तो दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, हे तर लहान मुलालाही ठाऊक आहे. २०३० या एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल: एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडे-तिकडे. म्हणजे मागणी ऐन थंडीत येणार, जेव्हा सातपुड्याच्या बाजूला पारा उतरतो आणि केळी पिकायला वेळ लागतो. लागवडीपासून कापणीपर्यंत वर्षभर तरी जातं. त्या जानेवारीसाठी बागा, गाड्या आणि माणसं बघायची असतील, तर शेतकरी, व्यापारी आणि मुकादम यांना २०२८ च्या अखेरीस एका चटईवर बसावं लागेल.